गाडी घराकडं सरकती

गाडीत पायाखालच्या मॅट पाच होत्या. चार कंपनीच्या, एक घोंगडी कापून केलेली. स्टेपनी एक, जॅक एक, पाना एक. डॅशबोर्डवर खंडोबाची पितळी मूर्ती एक. डिकीत भाताची रिकामी पोती दोन, विळा एक. डिझेल पाऊण टाकी. मीटरवर एकसष्ट हजार चारशे बारा किलोमीटर. उजव्या मागच्या दारावर ओरखडा एक, सतरा सेंटिमीटर, जुना. काठी एक. ती गाडीची नव्हे, आबांची, म्हणून ओवीने ती यादीतून खोडली आणि त्यांच्या हातात दिली.

ओवी तळेगावची, फिजिक्समध्ये बी.एस्सी. झालेली. जुन्या हायवेवर कार्ल्याच्या अलीकडे एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये ती आठ महिन्यांपासून सर्व्हिसला आलेल्या गाड्यांची नोंद करून घ्यायचं काम करत होती. ओरखडे बाकीचे नुसते टिपायचे, ती पट्टी लावून मोजायची. त्यावरून वर्कशॉपात तिची थोडी चेष्टा होत असे.

"तक्रार काय लिहू, आबा?"

"लिव, गाडी घराकडं सरकती."

"आबा, गप ऱ्हावा जरा." शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा ओंकार म्हणाला. नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात तो लाइनवर होता आणि आज रात्रपाळी करून न झोपताच आला होता. "मॅडम, तसलं काय लिहू नका. 'पार्किंगला धरत न्हाई' लिहा. आन गिअरबॉक्सचं तेल बदलायचंय, साठ हजार झालेत."

महिपती आबा सत्तरीचे, आंदर मावळातले. विहिरीच्या कामावर दगड पडून त्यांचा डावा गुडघा वाकायचा राहिला त्याला वीस वर्षं झाली. क्लच दाबता येत नाही म्हणून ओंकारने तीन वर्षांपूर्वी ही ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि आबा पुन्हा माणसांत आले. गावात एसटी दिवसातून दोन वेळा येते, तीही फाट्यापर्यंत. फाटा घरापासून साडेतीन किलोमीटर. त्या पायाने तेवढं चालणं म्हणजे दिवस संपला.

"झालंय असं," ओंकारने ओवीला बाजूला घेऊन सांगितलं, "दसऱ्यापास्नं रोज सकाळी गाडी जागेवर नसती. सांजच्याला अंगणात लावायची, पार्किंगला टाकायची, हँडब्रेक वढायचा. सकाळी बघावं तर गोठ्याकडं दीड वीत पुढं. एकदा तर बंपर भिताडाला टेकला. आबा म्हंतात आपोआप सरकती. मला वाटतंय तेच पुढं घेत्यात आन इसरत्यात. वय झालं. उद्या कुणाच्या अंगावर घातली म्हंजे?"

"मग?"

"तुमी चेक करा. गाडीत फॉल्ट निघाला तर ठीक. न्हाई निघाला तर आजपास्नं किल्ली माझ्याकडं."

हे त्याने हळू सांगितलं होतं, पण आबांना ऐकू गेलं. ते काठी टेकत जवळ आले.

"त्यानं किल्ली घेतली का मी दावणीला बांधलेला," ते ओवीला म्हणाले. "पार मरंस्तवर. तेवढं ध्यानात ठिवून बघ, पोरी."

मंगळवार होता. लोणावळ्याला फिरायला येणारे शनिवार-रविवारी गाड्या बिघडवतात आणि सोमवारी आणून टाकतात. मंगळवारी वर्कशॉप निवांत असतं. हेड मेकॅनिक पवनने गाडी आधी उतारावर उभी करून पाहिली. पार्किंगला टाकलेली गाडी तसूभर हलली नाही. लिफ्टवर घेऊन त्याने चाकं हाताने फिरवून बघितली, गिअरबॉक्समधलं कुलूप बसल्याचा आवाज ऐकला.

"एकदम ओके आहे, मॅडम. म्हातारबाबा विसरतायत. तेल बदलू आणि देऊ सोडून."

"थांबा. तेलाला हात लावायच्या आधी एक तास द्या मला."

"तासभर काय करणार?"

"काहीच नाही. गाडी नुसती उभी ठेवायची आहे."

पवनने हात जोडले, पण गाडी तिने सांगितली तिथे नेऊन लावली. चाकांची अलाइनमेंट करतात त्या जागेची जमीन अगदी सपाट करून घेतलेली असते. गाडीचं तोंड पश्चिमेला होतं. गिअर पार्किंगला, हँडब्रेक ओढलेला, इंजीन बंद. ओवीने दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा केला, चारही चाकांजवळ पत्र्याच्या कडेवरून सोडला आणि तो टेकला तिथे जमिनीवर बारीक टोकाच्या पेनने खूण केली. मग प्रत्येक टायरवरून खाली जमिनीपर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढली, म्हणजे चाक जराही फिरलं तर रेघ तुटेल. वेळ लिहिली, नऊ चाळीस. ती तिथेच स्टूल घेऊन बसली. कुणी गाडीजवळ आलं नाही.

दहा चाळीसला तिने ओळंबा पुन्हा सोडला.

तीन खुणांपासून तो चोवीस मिलिमीटरवर टेकला. चौथीपासून पंचवीस. हाताने मोजताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. पण तिने चारही ठिकाणी पुन्हा मोजलं, कारण गाडी पुढेही गेली नव्हती आणि मागेही. ती उजवीकडे सरकली होती. आडवी, उत्तरेला, जिकडे कुठलंच चाक कधी फिरत नाही.

डाव्या चाकांपाशी टायरवरची रेघ आणि जमिनीवरची रेघ अजून एका ओळीत होत्या, फक्त मध्ये इंचभर अंतर पडलं होतं. चाकं फिरलीच नव्हती. घसटल्याची काळी खूणही नव्हती. टायर ज्या पट्टीवरून सरकला होता, तिथली धूळ जशीच्या तशी होती. कुणी पावडर भुरभुरवून ठेवावी तशी.

"पवनदादा, इकडे या."

पवनने बराच वेळ वाकून पाहिलं. मग तो शर्टाला हात पुसत म्हणाला, "मॅडम, तुमची खूण चुकली असेल."

"चारही?"

गाडीला पाठ न करता तो मागे सरकला आणि ट्रॉलीवरचे पाने उगाच नीट लावत बसला.

ओवीने वहीत आकडे लिहिले. तासाला चोवीस. ओंकारच्या सांगण्यावरून गाडी संध्याकाळी सहाला लागायची आणि सकाळी आठला तो ती बघायचा, चौदा तास. चौदा गुणिले चोवीस, तीनशे छत्तीस मिलिमीटर. तिने आपली वीत पट्टीवर ताणून बघितली. तिची लहान होती. आबांच्या हाताएवढी धरली तर दीड.

म्हणजे आबा विसरत नव्हते.

हे ओंकारला आत्ता सांगावं का, याचा तिने विचार केला. पण गाडी आडवी सरकते असं कुठल्या मुलाला सांगायचं, आणि त्यावर तो बापाच्या हाती किल्ली ठेवेल की गाडीच विकून टाकेल? तिने पवनला तेल काढायला सांगितलं.

गाडी लिफ्टवर चढली, खालचा बोल्ट निघाला आणि तेल भांड्यात पडू लागलं. हे तेल नवं असताना लालभडक असतं, साठ हजारांनंतर तपकिरी होतं. हे काळं होतं. आणि त्याला वास होता. करपट, कडवट, गिअरबॉक्सशी काही संबंध नसलेला.

"मॅडम, ह्यात भजी तळली का कुणी?" पवन म्हणाला, पण त्याच्या आवाजात चेष्टा टिकली नाही.

"करंजाचं तेल आहे हे," ओवी म्हणाली. आजीच्या दिव्याला हाच वास यायचा.

मागे काठीचा आवाज झाला. ग्राहकांच्या एसीच्या खोलीतून आबा उठून आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते भांड्यापाशी आले, वाकता येत नव्हतं तरी शक्य तेवढे वाकले आणि त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"निघाला का," ते म्हणाले.

पवनला ओवीने चहाला पाठवलं. तो लगेच गेला.

"आबा, काय घातलंय यात?"

आबांनी आधी काचेतून पाहिलं. ओंकार सोफ्यावर मोबाइलमध्ये होता.

"वंगण. बैलगाडीच्या चाकाला घालतात ते. करंजाचं तेल आन चुलीची काजळी. पेलाभर आसंल."

"कसं घातलंत? याला वरून काही सोय नाही."

"सोय न्हाई कशी? फिल्टरचा डबा काढला का खाली बोल्ट हाय. ट्रॅक्टर काय कमी खोलले का मी?" क्षणभर त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. मग ते खालच्या आवाजात सांगू लागले. "आमच्या घरात रीत हाय. बैल गेला का त्याची वेसण, त्याची घुंगरं आन त्याच्या गाडीचं वंगण त्याच्यासंगं पुरायचं. माघारी काय ठिवायचं न्हाई. हौशा माझा शेवटचा बैल. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात गेला. वेसण पुरली, घुंगरं पुरली. वंगणाचा बांबूचा नळा काय टाकवला न्हाई मला. दसऱ्याला पुजायला बैल न्हवता, ही व्हती. म्हटलं हिला पाजावं. तेवढीच वळख ऱ्हाईल."

"आणि दुसऱ्या दिवसापासून—"

"दुसऱ्या दिवसापास्नं गव्हाणीकडं. हौशाला कुटंबी सोडा, तो तोंड फिरवून घरच्या वाटंला लागायचा. एकदा कामशेतच्या बाजारात दावं तुटलं तर माज्या आदी घरी पोचलावता." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "त्याला सांगू नको पोरी. म्हाताऱ्यानं गाडीत वंगण वतलं म्हटल्यावर किल्ली गेलीच समज."

ओवीने भांड्यातलं तेल मापाने मोजलं. तीन पूर्णांक दोन दशांश लिटर. ते एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ओतून तिने झाकण घट्ट लावलं आणि कॅनवर तारीख लिहिली. एकूण तेल सहा पूर्णांक चार बसतं. खालच्या बोल्टातून निम्मंच निघतं, उरलेलं आत खोल अडकून राहतं. साध्या सर्व्हिसमध्ये एवढंच करतात; नवं तीन पूर्णांक दोन भरलं, तेल चाळीस अंशांपर्यंत तापवून पातळी बघितली की झालं काम. पवनने तसं केलं. बारा वाजून दहा मिनिटांनी गाडी पुन्हा त्याच सपाट जागी, पश्चिमेला तोंड करून उभी राहिली आणि ओवीने नव्या खुणा केल्या.

जेवणाची सुट्टी झाली. ती डबा घेऊन स्टुलावरच बसली. पोळीचा घास घेताना तिला दोनदा वाटलं की गाडीतून आवाज येतोय, कुणी संथपणे काही चघळत असल्यासारखा. ती थांबली की तोही थांबायचा. आपलाच आवाज असणार, असं तिने ठरवलं आणि बाकीचा डबा तसाच बंद केला.

एक दहाला तिने मोजलं. बारा, बारा, अकरा, बारा. उत्तरेला, आबांच्या आंदर मावळाच्या दिशेला.

निम्मं तेल गेलं, निम्मं सरकणं गेलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असा स्वच्छ आकडा तिला कधी मिळाला नव्हता. तिथे मिळाला असता तर तिला आनंद झाला असता.

ती आबांकडे गेली. ते आता बाहेर निंबाच्या पारावर बसले होते.

"आबा, निम्मं निघालं. मशीन लावलं तर सगळं निघेल. आत थेंब राहणार नाही. गाडी मग सरकणार नाही असं मला वाटतं."

हायवेवरून चिक्कीच्या जाहिरातीचा एक टेंपो गेला, त्याच्यामागून दुधाच्या दोन गाड्या.

"अर्दाच ऱ्हाऊ दिला तर?"

"तर रोज पाऊण वीत. ओंकारदादांना दिसणारच."

"व्हय. त्याला दिसनारच." त्यांनी काठीच्या टोकाने मातीत एक गोल काढला, मग पुसला. "आन जे काडशील, ते मला देशील का? घरी नेऊन त्याच्याजवळ वततो. चुकलेलं निस्तरतो."

जुनं तेल ग्राहकाला द्यायचं नाही, असा वर्कशॉपचा नियम होता. गावाकडची माणसं नेहमी मागत. वासे-खांबांना लावलं की वाळवी लागत नाही. महिन्याभरापूर्वीच एकाला कॅन दिल्याबद्दल स्टोअरच्या माणसाला लेखी ताकीद मिळाली होती. ओवीने हे सांगितलं. सांगताना तिला स्वतःचा आवाज छापील वाटला.

"मंग तो हितंच ऱ्हानार," आबा म्हणाले.

ओवीने वही मिटली.

"चालता येत न्हाई मला," ते थोड्या वेळाने म्हणाले. तिला नव्हे, दुसऱ्याच कुणाला समजावल्यासारखं. "चालता आलं आस्तं तर नस्तं केलं आसं." मग त्यांनी मान वर केली. "लाव मशीन."

मशीनला सव्वा तास लागला. दहा लिटर नवं तेल एका नळीने आत गेलं आणि दुसऱ्या नळीने बाहेर आलं. आधी काळं, मग तपकिरी, मग गुलाबी, शेवटी लाल. हे सगळं पवनने नेहमीप्रमाणे आवारातल्या मोठ्या पिंपात ओतलं. दोन पन्नासला गाडी तिसऱ्यांदा सपाट जागी लागली. ह्या वेळी ओवीने ओंकारलाही बोलावलं, खुणा दाखवल्या आणि खडूच्या रेघा त्यालाच ओढायला लावल्या. तो लाइनवर काम करणारा माणूस. मोजमाप त्याला कळत होतं. तासभर तो हाताची घडी घालून गाडीसमोर उभा राहिला.

तीन पन्नासला त्याने स्वतः ओळंबा सोडला. चारही ठिकाणी शून्य.

"म्हंजे आदी सरकत व्हती?"

"सकाळी तासाला चोवीस मिलिमीटर. माझ्या वहीत आहे. आबा विसरत नव्हते. चौदा तासांचं तुमचं दीड वीत बरोबर येतं."

ओंकारने वही घेतली, आकडे तोंडातल्या तोंडात गुणले. "फॉल्ट कशाचा पण?"

जॉब कार्डवर ओवीने आधीच लिहिलं होतं: गिअरबॉक्समध्ये अयोग्य तेल आढळले. संपूर्ण बदलले. तिने तेच त्याच्यापुढे धरलं.

"अयोग्य म्हंजे? कुणी घातलं?"

"दादा, ते लिहायला कार्डावर रकाना नाही."

त्याने कार्ड वाचलं, मग काचेपलीकडे बापाकडे पाहिलं. त्याला किती कळलं कुणास ठाऊक. आबांपाशी जाऊन त्याने खिशातून किल्ली काढली.

"घ्या. पन कामशेतपातुर मी चालवनार."

"तू मागं बस. झोप काड जरा. रात पाळी करून आलायस, कुनाच्या अंगावर घालशील." आबांनी किल्ली मुठीत धरली.

गाडीत बसायच्या आधी त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. सकाळी यादी करताना ओवीने त्यांना असंच करताना पाहिलं होतं, तेव्हा हात सहज थोपटल्यासारखा पडला होता. आता त्यांनी तो पत्र्यावर ठेवला, थांबले आणि काढून घेतला. परक्याच्या गाडीला हात लागावा तसा.

"ती कॅन कुटं ठिवलीस?" त्यांनी विचारलं.

"ऑइल रूममध्ये ठेवेन. उद्या पिंपात जाईल."

"बांधू नको," आबा म्हणाले. "आन सांजच्याला पानी दाखव त्याला. तानलेला आसंल."

गाडी पुढे फाटकातून बाहेर पडली, वळण नीट घेऊन कामशेतच्या दिशेला लागली. आबांचा हात स्टिअरिंगवर होता. ओंकार खरंच मागे बसला होता.

ऑइल रूम म्हणजे वर्कशॉपच्या मागची दहा बाय आठची बिनखिडकीची खोली. चार वाजून वीस मिनिटांनी ओवीने पांढरी कॅन तिथे मधोमध जमिनीवर ठेवली आणि तिच्या बुडाभोवती खडूने गोल काढला. पेलाभर पाणी तिने शेजारी ठेवलं, मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ते उचलून बाहेर ओतून आली. दाराला कुलूप लावलं. किल्ली एकच होती, ती तिने खिशात ठेवली. पुढचा तास तिने काउंटरवर पाच जॉब कार्डं पुरी केली. त्यातलं एक तिला दोनदा लिहावं लागलं.

पाच वीसला तिने कुलूप काढलं, दिवा लावला आणि गुडघ्यांवर बसून पट्टी टेकवली.

गोलाच्या उत्तरेच्या कडेपासून कॅनच्या बुडाच्या उत्तरेच्या कडेपर्यंत बारा मिलिमीटर.